रूममेट चिडलेली नाहीये, ती चेक आहे

या वेळचं पत्र अमेरिकेतून आलंय, आयोवा सिटीहून. मुलगी ठाण्याची, आयोवा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतेय.

"ताई, हॉस्टेलमध्ये माझी रूममेट चेक आहे, चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठातून एक्स्चेंजवर आलीये, ऑगस्ट ते मे. पहिले दोन-तीन आठवडे मस्त गेले, सगळीकडे फोटो काढत फिरायची. आता ऑक्टोबर संपत आलाय आणि ती फक्त क्लासपुरती खोलीबाहेर पडते. हसत नाही. कशी आहेस विचारलं तर 'वाईट' म्हणते आणि मग खरंच दहा मिनिटं का वाईट ते सांगते. माझं प्रेझेंटेशन तिला करून दाखवलं तर म्हणाली मधला भाग कंटाळवाणा आहे आणि तू फार भराभर बोलतेस. माझ्या मैत्रिणी बूट घालून खोलीत आल्या तर तिचा चेहरा इतका पडला की त्या आता येतच नाहीत. मला वाटतं मी तिला आवडत नाही. परवा रात्री ती रडत होती, म्हणाली इथे सगळे मला फ्रेंड म्हणतात आणि माझी एकही मैत्रीण नाही, ख्रिसमसला घरी गेले की परत येणार नाही, कदाचित त्याच्या आधीच जाईन. मी म्हटलं सगळं ठीक होईल, तर म्हणाली तुला काय माहीत. तुम्ही तिकडे राहिलाय म्हणून विचारतेय ताई, तिला थांबवू का जाऊ देऊ? आणि ती माझ्यावर चिडलीये का?"

अगं, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण तुझी झोप त्यानेच उडालीये असं पत्रावरून वाटतं. ती तुझ्यावर चिडलेली नाहीये. चिडली असती तर तिने तुला सरळ तोंडावर सांगितलं असतं, कशाबद्दल आणि कधीपासून तेही सांगितलं असतं. उलट तू लिहिलेल्या सगळ्या गोष्टी मला ती तुझ्याजवळ येतेय अशाच वाटल्या, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

मी सहा वर्षं ब्रनोत होते, नवऱ्याची नोकरी तिथे होती म्हणून. चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट, ते जुने काँक्रीटच्या पॅनेलचे ब्लॉक असतात ना तसल्या बिल्डिंगमध्ये. समोरच्या दारात साठीच्या बाई राहायच्या. आठ महिने आमच्यात फक्त 'दोब्री देन' एवढंच, म्हणजे नमस्कार, तोही न हसता. मी आईला फोनवर सांगायचे की बाईंना आम्ही इथे आलेलं आवडलेलं दिसत नाही. मग फेब्रुवारीत मला फ्लू झाला, नवरा बाहेरगावी, आणि दुसऱ्या दिवशी बेल वाजली तर त्या हातात सुपाचं पातेलं घेऊन उभ्या. माझ्या पायांकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर 'चप्पल घाल, फरशी गार आहे'. हसल्या तेव्हाही नाहीत. पण त्यानंतर आम्ही ते घर सोडेपर्यंत त्या बाई माझ्या होत्या, जंगलात मशरूम वेचायला घेऊन गेल्या, कुठला खायचा कुठला नाही ते हातात धरून शिकवलं, गावाकडच्या त्यांच्या छोट्या घराची किल्लीसुद्धा दिली. आठ महिने त्या मला बघत होत्या, बस. तिकडे माणसं अशी वेळ घेतात आणि तेवढ्या वेळात खोटं हसत नाहीत, आणि मी त्याचा अर्थ राग असा लावून बसले होते, अगदी तू लावतेयस तसाच.

आता तिच्या बाजूने बघ. अमेरिकेत लिफ्टमधला, दुकानातला, बसमधला प्रत्येक माणूस हाऊ आर यू म्हणतो आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातो. आपल्याला ठाणे-पुण्यातून आल्यावर त्याचं फार काही वाटत नाही, कारण 'काय, जेवलात का' हे आपणही उत्तरासाठी विचारत नाही. पण चेकमध्ये कशी आहेस हा खरा प्रश्न असतो आणि तो विचारला की विचारणारा थांबतो. तिने तुला दहा मिनिटं खरं उत्तर दिलं आणि तू ऐकलंस. त्या अख्ख्या कॅम्पसवर कदाचित तू एकटीच असशील जिला ते ऐकायला मिळालं.

प्रेझेंटेशनचंही तेच. तिच्याकडे माणूस आपला आहे म्हणूनच त्याला कंटाळवाणं कुठे झालं ते सांगतात, परक्याला 'छान' म्हणून मोकळे होतात. तू खरंच भराभर बोलतेस का ते मात्र एकदा रेकॉर्ड करून बघ, मला वाटतं ती बरोबर असेल.

आणि बुटांचं तर मला कळलंच नाही की तू तिच्या बाजूने का उभी राहिली नाहीस! अगं चेक घरात कोणी बूट घालून आत जात नाही, दारातच काढतात, पाहुण्यांसाठी सपातांचे जादा जोड ठेवलेले असतात. आपल्या घरी काय वेगळं असतं? तू ठाण्याच्या घरात कोणाला बूट घालून पलंगापर्यंत येऊ देशील का, आणि तुझी आई काय म्हणेल? त्या खोलीत दोघी अशा राहताय की ज्यांच्या दोघींच्या घरी चपला दाराशी राहतात, आणि अमेरिकन मैत्रिणींना वाईट वाटू नये म्हणून तू गप्प बसलीस आणि वाईटपणा तिच्या एकटीवर गेला. दारात एक पायपुसणं टाक, त्याच्या शेजारी तुझ्या चपला ठेव आणि येणाऱ्याला हसून सांग की या खोलीत बूट बाहेर. अमेरिकन मुली ऐकतात गं, त्यांना सांगितलं की अजिबात राग येत नाही, फक्त सांगावं लागतं.

आता ते 'सगळे फ्रेंड आणि एकही मैत्रीण नाही'. हे वाक्य मी दोनदा वाचलं कारण त्यात तिचं सगळं दुखणं आहे. चेकमध्ये ओळखीच्या माणसाला 'झ्नामी' म्हणतात, म्हणजे ओळखीचा, आणि माणूस वर्षानुवर्षं झ्नामीच राहू शकतो, त्यात कमीपणा नाही. मित्र म्हणायला खूप काही व्हावं लागतं. शिवाय त्यांच्या भाषेत आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे, अहो-जाहोवरून अगं-तूगंवर यायचं तर मोठ्या माणसाने किंवा बाईने तसं म्हणायचं असतं, कधीकधी ग्लासाला ग्लास लावून दोघं आपापलं पहिलं नाव सांगतात आणि त्या दिवसापासून तू. म्हणजे कोण कुठे उभं आहे ते बोलण्यातच कळतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. प्रोफेसरसुद्धा पहिल्या दिवशी म्हणतात मला नावाने हाक मारा, आणि घरी 'पाने प्रोफेसोरे' म्हणायची सवय असलेल्या मुलीला कळतच नाही की हे जवळ आले का नुसती पद्धत आहे. आपण सर-मॅडम म्हणून त्यातून वाट काढतो, तिला तीही वाट नाहीये.

एक छोटी गोष्ट करशील? तिला विचार की तुझी आई तुला हाक मारताना नाव कसं म्हणते. चेकमध्ये हाक मारताना नाव बदलतं, लेंका असेल तर लेंको, याना असेल तर यानो, आपल्या संबोधन विभक्तीसारखं. मुलींनो, देवा, बाळांनो म्हणणाऱ्या मराठी मुलीला हे शिकायला दोन मिनिटं लागतील. ऑगस्टपासून तिला कोणी त्या रूपात हाक मारलेली नाहीये, समोरासमोर तरी नाही. मी ब्रनोत असताना माझ्या नावाला कोणी नीट 'गं' लावून हाक मारली की दिवस चांगला जायचा, म्हणून सांगतेय.

तिची अमेरिकन लोकांबद्दलची एक समजूत मात्र दुरुस्त करायला हवी, आणि ते काम तूच करू शकतेस कारण तू दोन्हीच्या मध्ये उभी आहेस. तिला वाटतं ते खोटं बोलतात. 'वी शुड हँग आउट' म्हणाले आणि परत फोन केला नाही, म्हणजे खोटं. खोटं नसतं ते. ती नुसती सदिच्छा आहे, बेत नाही, बेत व्हायचा असेल तर दिवस आणि वेळ आपण ठरवायची असते. तिला सांग की असं कोणी म्हटलं की तिथल्या तिथे फोन काढ आणि विचार, गुरुवारी सहाला जमेल का? बहुतेक वेळा हो येतं. चेक माणूस नीट बोलावणं येण्याची वाट बघत बसतो, अमेरिकन माणसाला वाटतं की दार उघडंच आहे, हिला यायचं असेल तर येईल, आणि दोघं आपापल्या जागी बसून राहतात.

आणि अमेरिकन लोकांचं ते प्रेम खरं असतं हे तिने एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून तिला तुमच्या विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमला मॅच बघायला घेऊन जा. तिला अमेरिकन फुटबॉल कळणार नाही, मलाही कळत नाही, मी नंतर दोन वर्षं अमेरिकेत मिडवेस्टमध्ये होते तरी कळला नाही. पण पहिला क्वार्टर संपला की स्टेडियममधले सत्तर हजाराच्या आसपास लोक, दोन्ही टीमचे खेळाडू, पंच, सगळे शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे वळतात आणि वरच्या मजल्यांवर काचेला नाक लावून उभ्या असलेल्या आजारी पोरांना हात हलवतात. २०१७ साली सुरू झालं हे आणि दर होम मॅचला होतं. कुणाचीही कुणाशी ओळख नाही. अनोळखी माणसाला इतकं भरभरून देणं चेक लोकांना जमत नाही, मलाही नाही जमत, आणि ते बघितलं की लिफ्टमधल्या त्या हाऊ आर यूचा थोडा अर्थ लागतो.

आता अभ्यास. तू त्याबद्दल एक ओळसुद्धा लिहिली नाहीस पण मला पक्की शंका आहे की अर्धं रडणं तिथून येतंय, कारण ऑक्टोबर म्हणजे मिडटर्म. चेकमधली पद्धत आपल्यापेक्षाही वेगळी आहे. सेमिस्टरभर लेक्चर ऐकायचं, मग जानेवारी-फेब्रुवारीत आणि मे-जूनमध्ये काही आठवडे फक्त परीक्षांचे, विद्यार्थी स्वतः तारखेला नाव नोंदवतो, बऱ्याच परीक्षा तोंडी, चिठ्ठी ओढून प्रश्न घ्यायचा आणि प्रोफेसरसमोर बसून बोलायचं. नापास झालं तर साधारण आणखी दोनदा बसता येतं. सगळा जोर शेवटावर. आणि इथे दर आठवड्याला क्विझ, होमवर्क, डिस्कशन, हजेरीला मार्क, वर्गात बोलायला मार्क. तिला पहिल्यांदा हे बालवाडीसारखं वाटलं असणार, होमवर्क काय द्यायचा, करू नंतर, आणि मग ऑक्टोबरात बघितलं तर अर्धे मार्क आधीच वाटून झालेले. घरी पहिल्या पाचात येणारी मुलगी इथे सी घेऊन बसली असेल तर ती ते तुला सांगणार नाही हं, तेवढं एक ती सांगणार नाही.

तर तिला ऑफिस अवर्सला जायला लाव, हवं तर दारापर्यंत सोबत जा. तिला वाटत असेल की प्रोफेसरच्या खोलीत नुसतं जाऊन बसणं म्हणजे त्यांचा वेळ खाणं. त्यांनी तो वेळ त्यासाठीच ठेवलेला असतो आणि बहुतेक वेळा तिथे कोणीही जात नाही. जाऊन एवढंच सांगायचं की मी एक्स्चेंजवर आहे, आमच्याकडे वर्गात बोलायची पद्धत नाही, मी बोलायला शिकतेय, तोवर लिहून दिलं तर चालेल का. कितीतरी प्रोफेसर हो म्हणतात.

पैशाचंही जरा बघ. तिकडे सरकारी विद्यापीठात चेक भाषेतून शिकायला फी नाही आणि एक्स्चेंजमध्ये इथली ट्यूशनही सहसा माफ असते, म्हणून घरच्यांना वाटतं पोरगी फुकट गेली अमेरिकेला. पण खोली, मील प्लॅन, विमा, पुस्तकं हे सगळं तिच्या खिशातून, आणि एक डॉलर म्हणजे वीसच्या आसपास कोरुना. कॉफी घेताना ती मनात गुणाकार करते की नाही बघ, आपणही करतोच. एक्स्चेंजच्या जे-१ व्हिसावर कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, मात्र आधी एक्स्चेंजच्या ऑफिसची परवानगी लागते, न विचारता एक तासही करायचं नाही. लायब्ररीत किंवा डायनिंग हॉलमध्ये दहा तास मिळाले तरी बघ, पैशापेक्षा मला त्यातलं हे आवडतं की दर मंगळवारी तीच चार माणसं भेटतात. नुसत्या इव्हेंटला जाऊन ओळखी होत नाहीत, पिझ्झा खाऊन लोक पांगतात. एकाच जागी एकाच वेळी परत परत गेलं की होतात.

बिअरबद्दल लिहू का नको करत होते, लिहितेच. ती वीस वर्षांची असेल. घरी तिला अठराव्या वर्षापासून कायद्याने पिता येतं, आणि तिकडे मित्र म्हणजे होस्पोदा, गल्लीतलं पिण्याचं साधं ठिकाण, तिथे एका टेबलाशी तीन-तीन तास बसायचं, एकदोन ग्लास आणि गप्पा, मधे गप्पा थांबल्या तरी कोणी उठत नाही. अमेरिकेत २१. आयोवा सिटीत तर रात्री दहानंतर २१ खालच्यांना बारमध्ये थांबूच देत नाहीत. मग तिच्यासमोर काय राहतं, तर कुणाच्या तरी तळघरातली पार्टी, गाणी इतकी मोठी की बोलता येत नाही, नाहीतर खोली. पार्टीत पोलीस आले आणि तिच्या नावावर नोटीस लागली तर व्हिसाला त्रास होऊ शकतो, तेव्हा ते नकोच. पण तिला आठवण बिअरची येत नसणार, त्या टेबलाची येत असणार, जिथे काही न करता बसून राहता येतं.

आणि मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. तिला फिरवू नकोस, गुंतवू नकोस, हसवायला जाऊ नकोस. तिच्यासोबत बस. आठवड्यातला एक वार धर, समज बुधवार, संध्याकाळी सहा ते आठ, हॉस्टेलच्या कॉमन किचनमध्ये दोघींनी काहीतरी गरम शिजवायचं आणि खाऊन तिथेच बसायचं. तिच्याकडे दुपारचं जेवण मुख्य असतं, आणि त्यात सूप हवंच, आणि तिला इथे दुपारी चालता चालता गार सँडविच खावं लागतंय, तेही गोडसर पावाचं. लसणाचं सूप सांग तिला करायला, चेस्नेच्का म्हणतात, लसूण, बटाटा, मार्जोरम नावाचा पाला आणि आपल्या शहाजिऱ्यासारखं त्यांचं क्मीन, वरून तळलेले पावाचे तुकडे. सर्दीवर आणि उदासीवर दोन्हीवर चालतं, माझ्या शेजारीण बाईंच्या पातेल्यात तेच होतं. पुढच्या बुधवारी तू अख्खा मसूर कर, आणि तिला सांग तू तुझी चोचका कर. त्यांच्याकडे अख्ख्या मसुराला व्हिनेगर घालून आंबटसर करतात, सोबत अंडं आणि काकडीचं लोणचं, आणि नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी हमखास खातात, वर्षभर पैसा यावा म्हणून. तीच डाळ, आपण आमसूल टाकतो ते व्हिनेगर टाकतात. बोलायला विषय लागणार नाही. आणि गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बसा, ती त्याने अवघडणार नाही, तूच अवघडशील, पण होईल सवय.

नोव्हेंबर मात्र आत्ताच आखून ठेव. थँक्सगिविंगच्या आठवड्यात सगळे घरी जातात, हॉस्टेलचा मजलाच्या मजला रिकामा होतो, दुकानं लवकर बंद, आणि बाहेरून आलेल्या मुलांचे वर्षातले सगळ्यात वाईट दिवस तेच असतात. तुझ्या त्या बूटवाल्या मैत्रिणींपैकी कोणी जवळपासची असेल तर तिला सरळ विचार, आम्ही दोघी जेवायला येऊ का. अमेरिकन घरांना त्या दिवशी पाहुणा आवडतो, खरंच आवडतो, तुम्ही विचारायला लाजू नका.

आणि त्याच्या आधी १७ नोव्हेंबर येतो. ही तारीख लिहून ठेव. १९३९ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या प्रागमध्ये यान ओप्लेताल नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी निदर्शनात गोळी लागून गेला, त्याच्या अंत्ययात्रेला विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि १७ नोव्हेंबरला नाझींनी नऊ जणांना मारलं, बाराशेहून जास्त विद्यार्थ्यांना छळछावणीत पाठवलं आणि सगळी चेक विद्यापीठं बंद केली. जगभरचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन त्यावरून आला. बरोबर पन्नास वर्षांनी, १९८९ च्या १७ नोव्हेंबरला, प्रागचे विद्यार्थी त्यांच्या आठवणीत मोर्चा घेऊन निघाले, पोलिसांनी त्यांना बदडलं, आणि तिथून कम्युनिस्ट राजवट पाडणारी ती क्रांती सुरू झाली, वर्ष संपायच्या आत वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. तिचे आईवडील तेव्हा शाळा-कॉलेजात असतील. तिच्या गावात त्या संध्याकाळी लोक मेणबत्त्या लावतात आणि आयोवात तो साधा क्विझचा दिवस असेल. हॉस्टेलमध्ये खरी मेणबत्ती लावू देत नाहीत, पण दिवाळीचे बॅटरीवाले दिवे तुझ्याकडे असतीलच, ते खिडकीत लाव आणि तिला विचार तुझे आईबाबा त्या दिवशी कुठे होते. मग ऐक.

तुला कोणीतरी सुचवेल की हिला सीडर रॅपिड्सला ने, अर्ध्या तासावर आहे, तिथे चेक आणि स्लोव्हाक लोकांचं राष्ट्रीय म्युझियम आहे. ने, पण आधी विचार. १९९५ मध्ये त्याच्या उद्घाटनाला क्लिंटन, हावेल आणि स्लोव्हाकियाचे कोव्हाच असे तीन राष्ट्राध्यक्ष आले होते, २००८ च्या पुरात ते बुडालं, मग ती अख्खी इमारत उचलून उंच जागी सरकवली आणि २०१२ मध्ये परत उघडलं. मला ते फार आवडलं. पण तिला तिथला पोल्का आणि पारंपरिक पोशाख बघून हा माझा देश नाहीच असंही वाटू शकतं, आपल्याकडून गेलेल्या मुलांना तिकडच्या महाराष्ट्र मंडळात कधीकधी वाटतं ना तसं, की हे लोक आजोबांच्या काळातलं गाव सांभाळून बसलेत. आणि तरी तिथे कोणी म्हातारा मोडक्या गावठी चेकमध्ये दोन वाक्यं बोलला तर तिला काय होईल सांगता येत नाही. द्वोर्झाक हा मोठा चेक संगीतकार १८९२ मध्ये न्यूयॉर्कला संगीत शिकवायला आला, मान होता, पैसा होता, आणि तरी घरची आठवण पाठ सोडत नव्हती. १८९३ च्या उन्हाळ्यात तो आयोवातल्याच स्पिलव्हिल या चेक खेड्यात येऊन राहिला, तुमच्यापासून उत्तरेला दोन-अडीच तासांवर. रस्त्यावर, दुकानात सगळीकडे आपली भाषा, सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि पोचल्यावर तीन दिवसांत नवी रचना लिहायला बसला ती पंधरवड्यात पुरी झाली. त्याला कोणी सगळं ठीक होईल म्हटलं होतं की नाही माहीत नाही, त्याच्या कानावर त्याची भाषा पडली एवढं नक्की.

आता थांबवू का जाऊ देऊ. थांबवायचं काम तुझं नाही, बाळा. तिला जायचं असेल तर ती जाईल आणि त्यात तुझं काही चुकलेलं नसेल. पण घाईघाईत जाऊ नये एवढं बघ, कारण ऑक्टोबरातला निर्णय हा त्या वर्षातला सगळ्यात वाईट वेळी घेतलेला निर्णय असतो, नवलाई संपलेली असते, अंधार लवकर पडायला लागतो आणि सवय अजून झालेली नसते. मधेच सोडलं तर या सेमिस्टरचे क्रेडिट हातातून जातात, स्कॉलरशिप असेल तर अटींप्रमाणे पैसे परत मागू शकतात, ब्रनोतल्या विद्यापीठाशीही आधी बोलायला हवं. आणि जड जातंय म्हणून एखादा विषय स्वतःच काढून टाकायचा नाही, १२ क्रेडिटच्या खाली गेलं की व्हिसाचा प्रश्न येतो, आधी एक्स्चेंजच्या ऑफिसात जाऊन विचारायचं. डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपतं तिथे नैसर्गिक थांबा आहे. तोपर्यंत काढ, परीक्षा दे, घरी जा, आईच्या हातचं खा, मग ठरव, असं सांग तिला. आणि जाताना डीएस-२०१९ या कागदावर प्रवासासाठीची सही घेऊन जायला सांग, परत यायचं पक्कं नसलं तरी, म्हणजे जानेवारीत यावंसं वाटलं तर कागदासाठी अडायला नको.

एक गोष्ट आणि ती गंभीरपणे वाच. उदास असणं वेगळं आणि आजारी पडणं वेगळं. ती जेवत नसेल, दिवसच्या दिवस झोपून असेल किंवा झोपतच नसेल, क्लासला जाणं बंद केलं असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात तिच्यासोबत जा. तिला खर्चाची भीती वाटेल, तिकडे डॉक्टरकडे जाताना पाकीट काढायची सवय नसते, तर सांग की जे-१ च्या मुलांना विमा सक्तीचाच असतो आणि आधी फोन करून काय पडेल ते विचारता येतं. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही एकदा जरी बोलली तर ९८८ या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज कर, चोवीस तास चालू असतं, हॉस्टेलच्या आरएला, म्हणजे मजल्याची जबाबदारी असलेल्या मोठ्या विद्यार्थ्याला, उठव, तिला वाईट वाटेल म्हणून गुपित ठेवू नकोस. हे एकटीने उचलायचं ओझं नाही, तूही अजून एकोणीस-वीसचीच आहेस आणि घरापासून तेवढीच लांब आहेस.

'तुला काय माहीत' असं ती म्हणाली ते तुला लागलंय. पण खरंच तुला माहीत नव्हतं गं, तू ते मान्य कर. आज रात्री तिला म्हण, मला माहीत नाही, सांग. आणि उद्या पायपुसणं आण.

मार्जोरम तिथल्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात मसाल्यांच्या रांगेत मिळतं, शहाजिऱ्याऐवजी कॅरवे लिहिलेली बाटली घे, आणि लसूण सहा-सात पाकळ्यांपेक्षा कमी घालू नका.